तलावपाळीतली होडी आणि पाच ठिपके: पहिल्या गेमसाठी व्हेक्टर ग्राफिक्स

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची ऐरोलीहून आमच्याकडे ठाण्याला नौपाड्यात राहायला आली होती. अकरावीला आहे, जावास्क्रिप्ट थोडंफार येतं, आणि तिला गेम बनवायचा होता. गेम काय, तर तलावपाळीच्या तळ्यात होडी फिरवायची, जलपर्णीला न धडकता पाण्यावर तरंगणारं निर्माल्य गोळा करायचं. मला आयडिया जाम आवडली. पण पहिले दोन दिवस तिने कोडची एक ओळ लिहिली नाही, नुसती नेटवर फुकट चित्रं शोधत बसली, होडी एका ठिकाणची, फुलं दुसऱ्या ठिकाणची, एक कार्टूनसारखं तर दुसरं फोटोसारखं, होडीच्या मागे पांढरा चौकोन, मोठी केली की धूसर आणि फिरवली की कडा कुरतडल्यासारख्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मामा, मला चित्रं काढता येत नाहीत, जाऊ दे तो गेम.

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण गेम सोडून द्यायला हे कारणच नाहीये. त्या संध्याकाळी आई दारात १५ ठिपके १५ ओळींची रांगोळी काढत होती, भाचीला तिथेच बसवलं आणि म्हटलं, आजी काय करतेय बघ. आधी ठिपके, मग कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा ते, मग रंग. तीच रांगोळी छोट्या पाटावर काढायची तर ठिपके जवळ घ्यायचे, अंगणात काढायची तर लांब, डिझाइन तेच. व्हेक्टर ग्राफिक्स म्हणजे हेच आहे. चित्र साठवायचं नाही, चित्र कसं काढायचं ते साठवायचं.

साध्या फोटोटाइप चित्रात, म्हणजे ज्याला बिटमॅप म्हणतात त्यात, प्रत्येक पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बारीक चौकोनाचा, रंग लिहिलेला असतो. ५१२ बाय ५१२ चं चित्र मेमरीत उघडलं की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून बरोबर १ एमबी जागा खातं, आणि मोठं केलं की कॉम्प्युटरला मधले पिक्सेल अंदाजाने भरावे लागतात म्हणून ते धूसर होतं. आमच्या होडीला पाच ठिपके लागले, म्हणजे दहा आकडे. बस. तेवढ्यात ती मोबाइलवर पण रेखीव आणि टीव्हीला लावली तरी रेखीव.

आणि हे काही कामचलाऊ प्रकरण नाहीये हं. १९७९ साली अटारीने ॲस्टेरॉइड्स नावाचा गेम काढला, त्याच्या स्क्रीनवर पिक्सेलच नव्हते, आतला इलेक्ट्रॉनचा झोत सरळ एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढायचा. अंतराळयान म्हणजे चार-पाच रेघा, दगड म्हणजे वाकडेतिकडे बंद आकार. १९८१ मध्ये टेम्पेस्ट रंगीत रेघा घेऊन आला, १९८२ मध्ये व्हेक्ट्रेक्स हा घरी खेळायचा संच आला, त्यात तसाच व्हेक्टर स्क्रीन होता. तेव्हा नुसत्या रेघांवर लोकांना मशीनसमोर खिळवून ठेवता आलं, तर आपला पहिला गेम पाच ठिपक्यांवर नक्कीच उभा राहतो.

आता कामाला लागू. तुम्हाला ब्राउझर आणि कोड लिहायला कुठलाही एडिटर लागेल, नोटपॅड पण चालेल, इन्स्टॉल काही करायचं नाही. ब्राउझरमध्ये कॅनव्हास नावाचा एक टॅग असतो, त्यावर जावास्क्रिप्टने चित्र काढायचं. पायथन येत असेल तर पायगेममध्ये, किंवा प्रोसेसिंगच्या धर्तीवरच्या पीफाइव्हमध्ये पण हेच सगळं जमतं, तत्त्व एकच आहे. घरात लहान मूल असेल तर त्याला स्क्रॅच द्या, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं ते, त्यात कॉस्च्युम म्हणजे पात्राचं चित्र काढताना व्हेक्टर मोड असतोच. मी खाली फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजीतच करायची.

पहिली गोष्ट, कॅनव्हासचा साइझ. काही न सांगता कॅनव्हास ठेवला तर तो ३०० बाय १५० पिक्सेलचा असतो, आणि बरेच जण काय करतात की सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते जिथे लिहितात तिथे, त्याची रुंदी शंभर टक्के करतात. मग तोच छोटा कॅनव्हास ताणला जातो आणि व्हेक्टर वापरूनही सगळं धूसर दिसतं, आणि माणूस म्हणतो हे व्हेक्टर वगैरे काही खरं नाही. कॅनव्हासच्या विड्थ आणि हाइटला खरे पिक्सेल द्या. मोबाइलवर अजून एक भानगड असते, स्क्रीनचे खरे पिक्सेल हे ब्राउझर सांगतो त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात, तो आकडा डिव्हाइस पिक्सेल रेशो या नावाने मिळतो. विड्थ आणि हाइट त्याने गुणायची, सीएसएसमधला साइझ मूळचाच ठेवायचा. लक्षात ठेवा, विड्थ बदलली की कॅनव्हास पुसला जातो आणि स्केल, रंग, रेघेची जाडी सगळं मूळपदावर येतं, म्हणून आधी साइझ, मग बाकी सगळं.

आम्ही गेमचं जग ८०० बाय ४५० चं ठरवलं. हे पिक्सेल नाहीत, आपली स्वतःची मापं आहेत. कॅनव्हासची वर गुणून आलेली रुंदी भागिले ८०० आणि उंची भागिले ४५०, यातला जो आकडा लहान तो स्केल या फंक्शनला द्यायचा. यानंतर पूर्ण गेममध्ये फक्त ८०० आणि ४५० च्या भाषेत विचार करायचा, स्क्रीन केवढी आहे हे विसरून जायचं.

आता होडी. वहीच्या चौकटीच्या कागदावर काढा, खरंच कागदावर काढा, स्क्रीनवर नको. मधोमध शून्य-शून्य, आणि होडीचं तोंड उजवीकडे. आमचे ठिपके असे होते: (२२, ०) हे टोक, मग (१०, ९), (-१८, ९), (-१८, -९), (१०, -९). कोडमध्ये हे एका ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, टाकायचे. काढताना बिगिनपाथ म्हणायचं, पहिल्या ठिपक्यावर मूव्हटू, उरलेल्या चारांवर लाइनटू, शेवटी क्लोजपाथ, मग रंग भरायला फिल आणि रेघेला स्ट्रोक. शाळेत वाय वर जातो, इथे वाय खाली जातो, एवढं डोक्यात ठेवा. त्यामुळे कोन वाढला की होडी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, गणिताच्या पुस्तकाच्या उलट.

तोंड उजवीकडे का, तर शून्य कोन म्हणजे उजवीकडे, साइन-कोसाइनला तेच कळतं. बरेच जण होडी वर तोंड करून काढतात आणि मग सगळीकडे ९० अंश वजा करत बसतात, एका जागी करायचं राहिलं की होडी तिरकी चालते, खेकड्यासारखी.

यापुढचा भाग सावकाश वाचा, माझ्या मते पूर्ण व्हेक्टर गेमचा जीव यात आहे. होडीचे ठिपके कधीही बदलायचे नाहीत. होडी तळ्यात कुठेही गेली तरी ॲरेमधले पाच ठिपके शून्याभोवतीच राहतात. होडी कुठे आहे याचे एक्स आणि वाय वेगळे, ती कुठे बघतेय तो कोन वेगळा. आकार वेगळा आणि ठावठिकाणा वेगळा. भाचीने पहिल्यांदा काय केलं, उजवीकडे जायचं म्हणून पाचही ठिपक्यांच्या एक्समध्ये ३ मिळवले. सरळ जाईपर्यंत ठीक होतं, वळायची वेळ आली तेव्हा सगळं विस्कटलं, कारण फिरवायचं कशाभोवती तेच हरवलं होतं.

बरोबर पद्धत अशी. सेव्ह म्हणायचं, मग ट्रान्सलेट करून कागदच होडीच्या जागी सरकवायचा, मग रोटेट करून कागद होडीच्या कोनाएवढा फिरवायचा, मग ते शून्याभोवतीचे पाच ठिपके जोडायचे, आणि शेवटी रिस्टोअर म्हणून कागद पूर्वीसारखा करायचा. हातात मेंदीचा कोन धरून समोरच्याचा हात हवा तसा सरकवतात आणि वळवतात ना, तसं. क्रम उलटा केला, आधी रोटेट मग ट्रान्सलेट, तर होडी स्वतःभोवती न वळता स्क्रीनच्या कोपऱ्याभोवती गोल फिरते. एकदा मुद्दाम उलटं करून बघा, पुन्हा कधी चुकणार नाही. रिस्टोअर विसरलात तर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे दर वेळी चित्र नव्याने काढताना, कागद अजून सरकत जातो आणि अर्ध्या सेकंदात होडी गायब. रोटेटला कोन रेडियनमध्ये लागतो, पूर्ण फेरी म्हणजे ६.२८३, अंशात विचार करत असाल तर पायने गुणून १८० ने भागा.

बिगिनपाथ विसरण्याचं वेगळं सांगतो कारण ही चूक दिसत नाही, जाणवते. कॅनव्हास जुन्या रेघा मनात धरून ठेवतो, बिगिनपाथ म्हटलं नाही तर दर फ्रेमला आधीच्या सगळ्या रेघा पण पुन्हा काढतो. भाचीच्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, मिनिटभरात होडी अडखळत चालायला लागली, आणि तिला वाटलं लॅपटॉपच जुना झालाय. एक ओळ टाकली, सगळं गुळगुळीत.

हालचाल म्हणजे काय, तर प्रत्येक फ्रेमला स्क्रीन पुसायची, आकडे थोडे बदलायचे, परत काढायचं, आणि ब्राउझरला रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम म्हणून सांगायचं की पुढच्या वेळी मला पुन्हा बोलव. साध्या स्क्रीनवर हे सेकंदाला ६० वेळा होतं, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. पण आता पुष्कळ मोबाइल १२० वाले आहेत, तिथे तोच गेम दुप्पट वेगात पळतो. म्हणून मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते सेकंदात काढायचं आणि प्रत्येक वेगाला त्याने गुणायचं. कोणी मध्येच दुसरी टॅब उघडून परत आलं तर हा वेळ एकदम दहा सेकंद निघतो आणि होडी तळ्याबाहेर उडी मारते, तेव्हा ०.०५ पेक्षा जास्त असेल तर ०.०५ च धरा.

होडीला पाण्यातली होडी वाटायला लावणं हा मजेचा भाग आहे. वल्हं मारलं की कोनाच्या दिशेने वेग वाढवायचा, एक्सच्या वेगात कोसाइन गुणिले १२० गुणिले वेळ, वायच्या वेगात साइन तसंच. आणि पाण्याचा अडथळा म्हणून वेग कमी होत राहायला हवा, तर वेगाला ०.४ चा 'वेळ' एवढा घात करून गुणा, म्हणजे हात सोडल्यावर एका सेकंदाने चाळीस टक्के वेग उरतो. या आकड्यांनी होडीचा वेग सेकंदाला १३१ च्या आसपास स्थिरावतो, ८०० चं तळं साधारण सहा-सात सेकंदात पार. वळायला सेकंदाला २.५ रेडियन, म्हणजे अडीच सेकंदात पूर्ण गिरकी. हे आकडे आम्ही बदलून बदलून ठरवले, तुम्ही तुमचे ठरवा. ०.४ च्या जागी ०.९ घातलं तर होडी बर्फावरून घसरल्यासारखी जाते, ०.०५ घातलं तर चिखलात रुतल्यासारखी. अर्धा दिवस यातच गेला तरी जाऊ द्या, खेळणाऱ्याच्या हाताला जे लागतं ते हेच आहे.

जलपर्णीचे पुंजके काढायला एकही ठिपका हाताने द्यायचा नाही. मधोमध शून्य, त्याभोवती दर ३६ अंशाला एक असे १० ठिपके, आणि प्रत्येकाचं अंतर त्रिज्येच्या ०.७ ते १ पट यामध्ये रँडम. झाला वेडावाकडा पुंजका, प्रत्येक वेळी वेगळा. फक्त हे ठिपके सुरुवातीला एकदाच तयार करून ॲरेमध्ये ठेवा, काढण्याच्या फंक्शनमध्ये रँडम घातलं तर पुंजका सतत थरथरतो. प्रत्येकाला अगदी मंद फिरण्याचा वेग द्या, काहींना उलटा, पाणी लगेच जिवंत वाटायला लागतं.

झेंडूचं फूल याहून सोपं. एक पाकळी काढायची, कागद ३० अंश फिरवायचा, परत तीच पाकळी, असं बारा वेळा. आई बाजूला बसून बघत होती, म्हणाली, हे तर मी दर सणाला करते.

रेघांबद्दल दोन गोष्टी पटकन. टोकदार कोपऱ्यावर जाड रेघ दिली की टोक भाल्यासारखं बाहेर येतं, लाइनजॉइनला राउंड द्या, जातं. आणि एक पिक्सेलची उभी-आडवी रेघ पूर्णांकावर काढली तर ती दोन पिक्सेलमध्ये वाटली जाऊन फिकट दिसते, ०.५ सरकवा. स्केल केलं की रेघेची जाडी पण स्केल होते, हे पण लक्षात असू द्या.

आता धडक. सुरुवातीला वर्तुळं धरा, होडीभोवती एक, पुंजक्याभोवती एक, दोन केंद्रांमधलं अंतर दोन त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं की धडक. वर्गमूळ काढायची गरज नाही, दोन्हीकडचे वर्गच तुलना करा. वर्तुळ आकारापेक्षा थोडं लहान ठेवा, खेळणाऱ्याला अन्याय झाल्यासारखं वाटत नाही, आणि माझ्या मते पहिल्या गेमला एवढं पुरतं. पण भाचीला नेमकं हवं होतं, तर नेमकं असं करतात: एखादा ठिपका बंद आकाराच्या आत आहे का हे बघायला त्या ठिपक्यापासून उजवीकडे लांब रेघ सोडायची आणि ती आकाराच्या कडा किती वेळा ओलांडते ते मोजायचं. विषम आलं तर आत, सम आलं तर बाहेर. होडीचे पाचही ठिपके असे तपासायचे. पण पुंजका तर फिरलेला आहे, मग त्याच्या कडा कुठे शोधायच्या? त्याला हात लावायचा नाही. होडीचा ठिपकाच पुंजक्याच्या कागदावर आणायचा, म्हणजे आधी तो होडीच्या कोनाएवढा फिरवून त्यात होडीचे एक्स-वाय मिळवायचे, मग त्यातून पुंजक्याचे एक्स-वाय वजा करायचे आणि पुंजक्याच्या कोनाएवढं उलटं फिरवायचं. फिरवण्याचं सूत्र: नवा एक्स म्हणजे एक्स गुणिले कोसाइन वजा वाय गुणिले साइन, नवा वाय म्हणजे एक्स गुणिले साइन अधिक वाय गुणिले कोसाइन, उलटं फिरवायला कोन ऋण करा. आकार शून्याभोवती ठेवल्याचा फायदा इथे कळतो. एक फट राहते, पुंजक्याचं टोक होडीच्या पोटात घुसलं पण होडीचा एकही कोपरा पुंजक्यात नाही अशी. म्हणून उलट बाजूनेही तपासा, पुंजक्याचे ठिपके होडीत आहेत का.

इथपर्यंत सगळं सरळ रेघांचं झालं. वळणदार रेघा म्हणजे बेझिए कर्व्ह, आणि हे गणित आलंय मोटारींच्या कारखान्यांतून, रेनॉमध्ये पिएर बेझिए आणि सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी गाड्यांच्या पत्र्याची वळणं नेमकी मांडायला ते उभं केलं. दोन टोकं असतात आणि मधे एक किंवा दोन कंट्रोल पॉइंट, रेघ त्या पॉइंटमधून जात नाही, त्यांच्याकडे ओढली जाते, लोहचुंबकाकडे ओढावी तशी.

भाची ऐरोलीची, खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहते, थंडीत खाडीत फ्लेमिंगो येतात ते तिने लहानपणापासून बघितलेत, तर गेममध्ये फ्लेमिंगो हवाच होता. तळ्यात फ्लेमिंगो नसतात हे तिलाही माहीत आहे, पण स्क्रीनच्या वरच्या कडेला खाडीची एक पट्टी काढून तिने तो तिथे उभा केला. मान काढायची कशी? एकाच कर्व्हमध्ये. मूव्हटू (०, ०), मग बेझिएकर्व्हटूला पहिला कंट्रोल (४५, -५), दुसरा (-१०, -५५), शेवट (३०, -६०). दोन कंट्रोल पॉइंट विरुद्ध बाजूंना ओढतात म्हणून मान आपोआप इंग्रजी एससारखी वळते. रेघ ६ जाडीची, टोकं गोल, रंग गुलाबी. आता त्या ४५ मध्ये वेळेचा साइन गुणिले ३ मिळवा, मान हळूच डुलायला लागते. बिटमॅपमध्ये यासाठी आठ-दहा वेगवेगळी चित्रं काढावी लागली असती, इथे एक आकडा हलला.

आणि मग ती म्हणाली, मामा, उडताना त्यांची मान सरळ असते. बरोबर आहे, फ्लेमिंगो उडताना मान पुढे आणि पाय मागे ताणतो. तर उडतानाचे आकडे वेगळे लिहिले, कंट्रोल (२०, -१) आणि (४०, -३), शेवट (६०, -४). शून्य ते एक असा एक आकडा घेतला, शून्य म्हणजे उभा, एक म्हणजे उडतोय, आणि प्रत्येक जोडीत जुना अधिक (नवा वजा जुना) गुणिले तो आकडा. पक्षी उठला की मान उलगडत सरळ होते. हे पहिल्यांदा स्क्रीनवर झालं तेव्हा आम्ही दोघंही जोरात ओरडलो. दोन्ही आकारांत पॉइंटची संख्या सारखी असली पाहिजे, एवढीच अट.

आता इंकस्केप. हे व्हेक्टर चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एसव्हीजी नावाच्या फाइली बनवतं, आणि मी मुद्दाम इतक्या उशिरा त्याचं नाव काढलं, कारण पहिल्याच दिवशी ते उघडलं तर माणूस ग्रेडियंट आणि सावल्यांमध्ये अडकतो आणि गेम बाजूला राहतो. आम्हाला ते तळ्याच्या काठासाठी लागलं. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर मासुंदा तलावाचा, म्हणजे तलावपाळीच्याच तळ्याचा, स्क्रीनशॉट काढला, इंकस्केपमध्ये पान पिक्सेलमध्ये ८०० बाय ४५० केलं म्हणजे तिथले आकडे थेट गेमचे आकडे, स्क्रीनशॉट खाली ठेवला, तो लेयर लॉक केला, आणि पेन टूलने काठावरून टिचकी मारत आकार बंद केला. पंधरा-वीस ठिपके पुरतात, शंभर घालू नका. मधलं देवळाचं बेट वेगळ्या आकारात. ओपनस्ट्रीटमॅप वापरलंत तर गेममध्ये त्याचं श्रेय लिहायचं, ही त्यांची अट आहे.

एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत चक्क मजकूर असतो. आकाराच्या ओळीत डी नावाच्या जागी आकडे असतात, एम म्हणजे पेन उचलून इथे ठेव, एल म्हणजे इथपर्यंत रेघ, सी म्हणजे बेझिए, झेड म्हणजे बंद कर. मोठं अक्षर असेल तर आकडे पानाच्या कोपऱ्यापासून, लहान असेल तर मागच्या ठिपक्यापासून मोजलेले. ही पूर्ण ओळ जशीच्या तशी पाथटूडी या ऑब्जेक्टला दिली की कॅनव्हास तो आकार थेट काढतो, बेझिए वगैरे काही हाताने लिहावं लागत नाही. आणि होडी तळ्याच्या आत आहे का हे इझपॉइंटइनपाथ सांगतो. फक्त हा प्रश्न विचारताना कॅनव्हासचं स्केल, ट्रान्सलेट सगळं काढून विचारा, कारण तो आकाराला ते लावतो पण ठिपक्याला लावत नाही, मग उत्तर चुकीचं येतं आणि चूक सापडत नाही.

इंकस्केपमधनं आणलेला आकार भलत्याच जागी दिसतोय? नव्वद टक्के वेळा लेयरवर किंवा ग्रुपवर ट्रान्सफॉर्म लिहिलेला असतो, कारण आकडे एक आणि सरकवणं वेगळं ठेवलेलं असतं, आपण होडीचं केलं तसंच. ग्रुप सोडवा, आकार जरा हलवून परत जागेवर ठेवा, आणि फाइल प्लेन एसव्हीजी म्हणून सेव्ह करा. ठिपके जास्त झाले असतील तर कंट्रोल एलने कमी होतात, पण दोनदा-तीनदा दाबलं तर आकारच बदलतो, बघून करा.

मराठी अक्षरांसाठी खास सांगायचंय. गेमचं नाव इंकस्केपमध्ये मराठीत लिहिलंत तर सेव्ह करायच्या आधी ऑब्जेक्ट टू पाथ करा, म्हणजे अक्षरं आकार बनतात. नाहीतर ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही त्याला वेगळंच काहीतरी दिसतं. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा, पाथ केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. फॉन्ट हवा असेल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे बलू आणि मुक्ता फुकट आहेत आणि गेममध्ये वापरता येतात. पुढे गोडो या गेम बनवायच्या इंजिनकडे वळलात तर चौथी आवृत्ती घ्या, त्याच्या आधी तिथे जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट लागत नव्हत्या. आणि तिथे एसव्हीजी आयात करतानाच त्याचं पिक्सेलचं चित्र होतं, त्यामुळे गेममध्ये झूम केलं की धूसर दिसणार. आयात करताना स्केल वाढवा, नाहीतर त्यातला पॉलिगॉनटूडी किंवा ड्रॉ फंक्शन वापरून ठिपक्यांनीच काढा.

व्हेक्टर सगळीकडे वापरू नका हेही सांगतो. फोटोसारखी पार्श्वभूमी, पाण्याचा खरा पोत, पिक्सेल आर्ट, यांना बिटमॅपच बरं. आणि हजारो ठिपक्यांचं चित्र दर फ्रेमला नव्याने काढलं तर साध्या फोनला झेपत नाही. आमचा तळ्याचा काठ, झाडं, बेटावरचं देऊळ यातलं काही हलत नाही, तर ते सुरुवातीला एकदा वेगळ्या, न दिसणाऱ्या कॅनव्हासवर काढून ठेवलं आणि दर फ्रेमला ड्रॉइमेजने तेच चिकटवलं. स्क्रीनचा साइझ बदलला की तेवढं परत काढायचं. हलतं ते व्हेक्टर, स्थिर ते एकदाच काढलेलं, ही विभागणी मला सगळ्यात सोयीची वाटते.

भाची ऐरोलीला परत गेली तेव्हा गेम पूर्ण झाला नव्हता, बेटाला धडकल्यावर काय करायचं ते ठरत नव्हतं. दोन आठवड्यांनी तिने फाइल पाठवली. पूर्ण गेम एका एचटीएमएल फाइलमध्ये, एकही चित्र नाही, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून आला आणि फोनवर उघडला. तुम्हाला लोकांना लिंकच द्यायची असेल तर इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फाइलचं नाव इंडेक्स ठेवून झिप करून टाका, ब्राउझरमध्येच खेळता येतो. तिने वर कोपऱ्यात गोळा केलेल्या निर्माल्याचा आकडा मराठीत दाखवला होता, मी विचारलं हे कसं केलंस, तर टूलोकेलस्ट्रिंगला एमआर-आयएन हा मराठीचा कोड दिला की आकडे देवनागरीत येतात, हे मला तिच्याकडून कळलं. आजीचा स्कोअर ४७ आहे, माझा अजून ३१.